दुसरा अल्बम नागपुरातच करायचा असेल तर

पहिल्या अल्बमची गाणी कॉलेजच्या दिवसांपासून साठत आलेली असतात. दुसऱ्यासाठी हाताशी जेमतेम वर्ष-दीड वर्ष असतं, आणि त्यातच कार्यक्रम, नोकरी, ड्रमरची पुण्याला बदली. त्यामुळे पॉप-रॉक गायकाचा दुसरा अल्बम फसला तर दोष बहुतेक वेळा स्टुडिओचा नसतो. आधी स्टुडिओची तारीख पक्की होते, मग गाणी ओढूनताणून पुरी केली जातात, आणि घोळ तिथेच होतो. म्हणून गाणी आधी, तारीख मागून.

निवड

अल्बमला ८ ते १० गाणी आणि एकूण ३५ ते ४० मिनिटं भरपूर झाली. त्यासाठी हाताशी किमान १८ चाली हव्यात. प्रत्येक चाल फोनवर, एक गिटार आणि आवाज एवढ्यावरच रेकॉर्ड करून ठेवा. तशी ऐकताना जी उभी राहत नाही, ती पुढे चार गिटार आणि कीबोर्ड घातल्यावरही उभी राहणार नाही. पहिल्या अल्बममधून गळलेली फार तर दोन गाणी घ्या. तेव्हा ती गळली त्याला काहीतरी कारण होतं.

बाज बदलायला हरकत नाही. अमेरिकन गायिका केली क्लार्कसनने २००४ मध्ये 'ब्रेकअवे' या दुसऱ्या अल्बममध्ये पॉपकडून रॉककडे सरळ वळण घेतलं, पण गाण्यात सगळ्यात पुढे उभा राहिला तो तिचाच आवाज. त्यावरून घ्यायचं ते एवढंच, की मागचं सगळं बदला, पण ज्या आवाजासाठी लोक आले तो गिटारखाली गाडू नका.

निवडलेली गाणी दोन-तीन छोट्या कार्यक्रमांत वाजवून पाहा. पट्टी तिथेच कळते. घरी बसून हळू गाताना जी पट्टी सोयीची वाटते, ती ड्रमसमोर जोर लावून गाताना सोयीची राहीलच असं नाही. शब्दांचंही तसंच. मुखड्यातला सर्वात वरचा सूर 'ई'वर आला की आवाज चिमटतो. तीच जागा 'आ' किंवा 'ओ'वर आणली की मोकळा लागतो. गीतकाराला हे चाल पक्की होण्याआधी सांगा, डबिंगच्या दिवशी नव्हे.

पंचांग पाहून शिफ्ट घ्या

नागपुरात रेकॉर्डिंगचं वेळापत्रक हवामान आणि सण ठरवतात. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांत तुमचा कूलर बंद केला तरी शेजाऱ्याचा चालूच असतो, आणि त्याची घरघर कंडेन्सर माइक (स्टुडिओतला नाजूक कानाचा माइक) चोख टिपतो. पावसाळ्यात तारा गंजतात. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, पाठोपाठ गणपती, नवरात्र; त्या दिवसांत आवाजाचं डबिंग ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात. तुळशीचं लग्न लागलं की लॉनवरचे डीजे सुरू होतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असेल तर सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडतात आणि बाहेरून येणाऱ्या वादकाला हॉटेलची खोली मिळवताना नाकी नऊ येतात.

त्यातल्या त्यात बरा काळ पौषाचा. लग्नं नसतात, पंखाही लागत नाही. फक्त संक्रांतीचे दोन दिवस सोडा, गच्च्यागच्च्यांवर पतंगांबरोबर स्पीकरही चढतात. ड्रम, बेस आणि ऱ्हिदम गिटार नोव्हेंबरात, आवाज आणि त्यानंतर लीड गिटार पौषात, मिक्सिंग फेब्रुवारीत, अशी आखणी इथे जमते.

उन्हाळ्याशिवाय पर्यायच नसेल तर खोली एसीने आधी गार करून घ्या आणि टेकपुरता, म्हणजे रेकॉर्डिंग चालू असेल तेवढा वेळ, एसी बंद ठेवा. अकूस्टिक गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कूलरच्या दमट खोलीतून ती कोरड्या स्टुडिओत आणली की तासाभरात सूर सरकतो, आणि महिनाभर कोरडी राहिली तर फ्रेटची टोकं बोटांना बोचू लागतात. साबणाच्या डबीला भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा आणि ती डबी गिटारच्या पेटीत टाका. रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री गिटार स्टुडिओतच मुक्कामाला असू द्या.

खोली

धरमपेठेत असो की महाल भागात, घरचा स्टुडिओ म्हणजे साधारण १२ बाय १० फुटांची खोली. १० फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो. बेस गिटारची मोकळी ए तार आहे ५५ हर्ट्झची. म्हणजे नेमका तोच सूर भिंतीजवळ दुप्पट ऐकू येतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर जवळजवळ नाहीसा होतो. बेस माइकशिवाय थेट इंटरफेसमध्ये (वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यात) जात असेल तर रेकॉर्डिंगला काही होत नाही. फसतो तो मिक्स करणारा. भिंतीजवळ बसून त्याला बेस जास्त वाटतो, तो कापतो, आणि गाडीत गाणं पोकळ वाजतं. स्पीकर आखूड भिंतीशी लावा आणि त्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर, म्हणजे १२ फुटांत साडेचार फुटांवर, कान येतील असे बसा.

अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, ते खालचे सूर शोषत नाहीत. दर घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) ४ इंच जाडीचे, २ बाय ४ फुटांचे पॅनेल सुती कापडात गुंडाळून भिंतीपासून २-३ इंच सोडून लावा. आधी कोपरे, मग कानांच्या दोन्ही बाजू, मग डोक्यावर. सहा पॅनेलांत खोली बदलते.

आवाजाच्या वेळी गोधड्या टांगायच्या त्या गाणाऱ्याच्या पाठीमागे. बहुतेक जण माइकच्या मागे टांगतात, पण कार्डिऑइड माइक मागचं कमी आणि समोरचं जास्त ऐकतो. त्याच्या समोर गायक असतो आणि गायकामागची उघडी भिंत.

रेकॉर्डिंगचा क्रम

फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची ठेवा. रेकॉर्डिंगची सरासरी पातळी उणे १८, शिखरं उणे १० ते उणे ६ डेसिबलपर्यंत. २४ बिटमध्ये लाल दिव्याजवळ, म्हणजे आवाज फाटण्याच्या हद्दीजवळ, जायची गरज नसते.

ड्रम सगळ्या गाण्यांचे सलग दोन दिवसांत उरकून घ्या. नवी कातडी चढवणं, सुरात लावणं, माइक बसवणं यातच पहिले ४-५ तास जातात. हा खर्च गाण्यागणिक करू नये. ड्रमच्या वर लावलेले दोन्ही ओव्हरहेड माइक स्नेअरच्या (कडक आवाजाच्या मुख्य ड्रमच्या) मध्यापासून दोरीने मोजून सारख्या अंतरावर ठेवा. अंतर चुकलं तर स्नेअर एका कानात आधी पोचतो आणि मोनोमध्ये, म्हणजे एकाच स्पीकरवर, पातळ होतो. स्नेअरच्या खालच्या माइकची फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटी करून ऐका, ज्या बाजूने भरीव वाजेल ती ठेवा. क्लिकचा, म्हणजे लयीसाठी लावलेल्या टिकटिकीचा, आवाज हेडफोनमधून गळतो आणि शेवटच्या झांजेच्या विरत जाणाऱ्या नादात टिकटिक सापडते, म्हणून शेवटच्या ठोक्यावर क्लिक बंद होईल असं लावून ठेवा.

त्यानंतर बेस, ऱ्हिदम गिटार, मग आवाज, आणि लीड गिटार सगळ्यात शेवटी. लीड आधी घेतली की गिटारवादक सापडेल ती मोकळी जागा भरतो आणि गायकाला श्वासाला जागा उरत नाही. गिटार अँपमधून घेत असाल तरी त्याच वेळी एक कोरडा डीआय ट्रॅक, म्हणजे अँपशिवाय थेट गिटारमधून आलेला आवाज, घ्या. मार्चमध्ये टोन आवडला नाही तर त्यावरच नवा चढवता येतो, वादकाला पुन्हा बोलवावं लागत नाही. डावी आणि उजवी ऱ्हिदम गिटार खरोखर दोनदा वाजवा. एकच टेक कॉपी करून १५ मिलिसेकंद सरकवला तर हेडफोनमध्ये छान पसरतो, पण एका स्पीकरच्या फोनवर पोकळ होतो.

आवाजासाठी गाण्यामागे ३-४ तास धरा. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी), आणि माइक किंचित तिरका, म्हणजे प, फ, भ यांचा झोत थेट माइकच्या पडद्यावर आदळत नाही. मराठीतले 'चमचा'तले च आणि 'जहाज'मधले ज ६ ते ८ किलोहर्ट्झमध्ये टोचतात. डी-एसर (अशी टोचणी दाबणारा प्लगइन) तिथे ३-४ डेसिबलच दाबेल असा लावा, जास्त दाबला तर गायक बोबडा वाटतो. पूर्ण गाण्याचे ४-५ टेक घ्या आणि त्यांतून ओळी निवडा. ओळ-ओळ पंच करून, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करून, जोडलेलं गाणं सुरात असतं, पण अंतऱ्यातून मुखड्यात जाताना जो जोर वाढायला हवा तो वाढत नाही. आणि आदल्या रात्री सावजी नको! तिखट-तेलकट जेवणाने आम्ल घशापर्यंत येतं आणि सकाळी आवाज खरखरतो. पार्टी शेवटच्या टेकनंतर करा.

मिक्स आणि मास्टर

मिक्स फोनच्या स्पीकरवर ऐकाच. तिथे २०० हर्ट्झखालचं जवळजवळ काही वाजत नाही, म्हणून बेसवर थोडं सॅच्युरेशन (वरचे सूर जोडणारी हलकी विकृती) देऊन ६०० ते ८०० हर्ट्झमध्ये त्याची खूण उमटवा. मास्टरिंगला, म्हणजे मिक्सवरच्या शेवटच्या संस्काराला, फाइल देताना मास्टर ट्रॅकवरचा लिमिटर (शिखरं दाबणारा प्लगइन) काढा आणि शिखरं उणे ६ पर्यंत ठेवा. गायकाचा आवाज अर्धा डेसिबल वर असलेला दुसरा मिक्स आणि आवाजाविना एक ट्रॅकही आत्ताच काढून ठेवा. कार्यक्रमाला, रीलला तो लागतोच, आणि सहा महिन्यांनी प्लगइन उघडत नाहीत.

स्पॉटिफाय गाणी सुमारे उणे १४ लफ्सवर (लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणून वाजवतं. रॉक त्याहून मोठा मास्टर करायला हरकत नाही, पण उणे ७ पर्यंत चेपलात तर तिथे तो खाली आणला जातो आणि मोकळ्या मास्टरशेजारी तुमचेच ड्रम चपटे वाटतात. ट्रू पीक, म्हणजे सर्वात वरचं खरं शिखर, उणे १ डेसिबलवर थांबवा.

कागद

हे कंटाळवाणं आहे आणि पुढची भांडणं इथूनच उगवतात. गाणं पुरं झालं त्याच दिवशी चाल कोणाची, शब्द कोणाचे, किती टक्के, हे एका पानावर लिहून सह्या घ्या. वादकांकडून मानधनाची पावती आणि वापराची लेखी परवानगी घ्या. पहिल्या अल्बमचा करार काढून वाचा. पुढच्या अल्बमवर पहिला हक्क लेबलचा, असं एखादं कलम त्यात असू शकतं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाला लिहून देता येत नाही. दोघांनीही आयपीआरएसचं, म्हणजे त्यांच्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासदत्व घ्यावं.

विदर्भातल्या गायकाला सुरेश भटांची गझल रॉकमध्ये बांधायचा मोह होतोच. भट २००३ मध्ये गेले. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०६३ सरेपर्यंत हक्कदारांची लेखी परवानगी लागते. केशवसुत १९०५ मध्ये गेले. त्यांची कविता मोकळी आहे.

बाहेर काढणं

अल्बमआधी दोन-तीन सिंगल, प्रत्येकी ५-६ आठवड्यांच्या अंतराने. तेच रेकॉर्डिंग अल्बममध्ये घालताना तोच आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) द्या, म्हणजे आधीची ऐकणी जोडलेली राहतात. नवा दिला तर गाणं शून्यापासून सुरू होतं. वितरकाला (स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणी चढवणाऱ्या कंपनीला) तुमच्या कलाकार-पानाची लिंक देऊन ठेवा, नाहीतर नामसाधर्म्यामुळे अल्बम दुसऱ्याच कोणाच्या पानावर जाऊन बसतो. गाण्याची भाषा मराठीच निवडा. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, आणि त्यावरच्या अक्षरांच्या फॉन्टचा व्यावसायिक परवाना आहे ना, ते बघा. फाइल ४ आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं, आणि अल्बममधून एकच पाठवता येतं. ते शीर्षकगीतच असायला हवं असं नाही. ज्यात गायकाचा आवाज दहाव्या सेकंदाच्या आत सुरू होतो ते पाठवा.

प्रकाशनाच्या कार्यक्रमाला सुरेश भट सभागृह किंवा देशपांडे सभागृह घ्यावंसं वाटतं. पाचशे तिकिटं आधी विकली जाणार असतील तरच तो विचार करा. १५० जण एखाद्या छोट्या जागेत खच्चून भरले तर कार्यक्रम रंगतो. तेवढेच मोठ्या सभागृहात विखुरले तर दुसऱ्या गाण्यापर्यंत स्टेजवरही थंडी पसरते. उघड्यावर करत असाल तर रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, तेव्हा ७ ला सुरू करा. इतरांची गाणी गाणार असाल तर त्यांचा परवाना वेगळा.

लोक काय म्हणतात

परीक्षण करणाऱ्यांना तीन आठवडे आधी खासगी लिंक, सगळ्या गाण्यांचे शब्द, दोन आडवे फोटो आणि १५० शब्दांची टिपणी पाठवा. टिपणीत विशेषणं नकोत. काय बदललं आणि कोणी वाजवलं एवढं पुरे. लोकमत, सकाळ, तरुण भारत, हितवाद यांच्या शहर पुरवण्यांना नागपूरचा धागा हवा असतो, मुंबईच्या संगीत-लेखकाला गाणं हवं असतं. दोघांना एकच मजकूर पाठवला तर दोघंही टाळतात.

पहिले दोन आठवडे 'पहिल्यासारखी मजा नाही' हे ऐकावंच लागतं. उत्तर देऊ नका. वीझर या अमेरिकन रॉक बँडचा 'पिंकर्टन' हा दुसरा अल्बम १९९६ मध्ये आला तेव्हा त्याच्यावर सडकून टीका झाली, आणि काही वर्षांत तोच त्यांच्या उत्तम कामांत गणला जाऊ लागला. तुमच्या बाबतीतही तसंच होईल अशी खात्री त्यातून मिळत नाही, पण पंधरवड्यातल्या मतांवर तिसऱ्या अल्बमची दिशा ठरवू नये हे नक्की.

आकड्यांत एकूण ऐकणी बघत बसू नका, ती सिंगलमुळे फुगलेली असतात. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक ऐकणी धरतात, आणि १२ महिन्यांत १००० ऐकणी न झालेल्या गाण्याला तिथे रॉयल्टी मिळत नाही. आपल्याच गाण्यांची आपसांत तुलना करा. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांनी गाणं जपून ठेवलं, हे प्रमाण ज्याचं जास्त तेच तुमचं गाणं, मग ते आठव्या क्रमांकावर का असेना. त्याचा व्हिडिओ काढा. पैसे घेऊन ऐकणी वाढवून देणारे मेसेज येतील. अशा खोट्या ऐकण्या कापल्या जातात, कधी वितरक गाणंच उतरवतो आणि दंडही तुमच्याकडून वसूल करतो.

पैशाचा हिशेब वितरकाकडून दोन-तीन महिने उशिरा येतो, तेव्हा ड्रमरचं उरलेलं मानधन त्या भरवशावर ठेवू नका. तीन महिन्यांनी कार्यक्रमाची यादी नव्याने लावा: नव्यातली चार-पाच, बाकी जुनी. नवी दोन सुरुवातीला, उरलेली मध्ये, आणि शेवटी पहिल्या अल्बममधलं ते गाणं, जे प्रेक्षक तुमच्याआधी म्हणायला लागतात.