कोकणातले राजवाडे बघायला सोलापुराहून निघताना

कोकणात जायचं म्हटलं की आपल्याकडे आधी किनारा ठरतो, मग मासे. जुन्या वास्तू बघायला निघाला असाल तर आधी वार बघा. सरकारी वस्तुसंग्रहालयांना बहुधा सोमवारी सुट्टी असते, म्हणून रत्नागिरी सोमवारवर येऊ देऊ नका. दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले धरा. आपल्या उन्हाची सवय तिथल्या घामाला कामाची नाही; सुती कपडे जास्त घ्या. वाटेसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी लागेलच, ती काही सांगायला नको.

रस्ता मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट. पहाटे निघा, म्हणजे घाट उजेडी उतरता येतो. त्या दिवशी बघण्याचं काहीही ठेवू नका. रत्नागिरीत जेवा आणि झोपा.

निघण्याआधी एक तयारी सोलापुरातच होते. महापालिकेत कामासाठी जातो ते इंद्रभुवन एकदा काम नसताना, बाहेर उभं राहून बघा. वारदांची ही हवेली नीट बघितली, की धनिकाने हौसेने बांधलेलं घर कसं असतं ते कळतं. रत्नागिरीतला थिबा पॅलेस हौसेने बांधलेला नाही, तो कैदेसाठी बांधलेला आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा 1885 च्या युद्धात हरला. इंग्रजांनी त्याला आधी मद्रासला आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. राजवाडा तयार झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये राजा वारला. म्हणजे जवळपास पाव शतक त्याने भाड्याच्या बंगल्यांत काढलं, आणि या एवढ्या मोठ्या वास्तूत जेमतेम सहा वर्षं. हा हिशेब डोक्यात ठेवून आत जा. सागवानी काम आणि अर्धगोल खिडक्या मग वेगळ्या दिसतात. शहरातच त्याची समाधीही आहे, तिथे फार कोणी फिरकत नाही, तेव्हा पत्ता आधी विचारून ठेवा. कुटुंब पुढे ब्रह्मदेशात परतलं, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीतच आली आणि 1947 मध्ये इथेच गेली. माझ्या मते अख्ख्या किनाऱ्यावर एवढी चटका लावणारी दुसरी वास्तू नाही, म्हणून अर्धा दिवस तिलाच द्या.

त्याच दिवशी टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर बघून होतं. तिथे ओटी, पडवी, माजघर ही रचना आणि उतरतं कौलारू छप्पर लक्ष देऊन बघा. आपल्याकडची धाब्याची घरं आणि माळवदं कमी पावसाची. इथे पाणी घरावर थांबताच कामा नये. भिंतीचा तांबडा, भोकाभोकांचा दगड म्हणजे जांभा. तो खाणीतून कापून चिरे काढतात. आपल्या काळ्या दगडापुढे तो मऊ वाटेल, पण उघड्यावर राहून टणक होतो.

सावंतवाडीला वेगळा दिवस लागतो. मोती तलावाकाठचा राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, जांभ्याचाच. तिथे गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवतात. मरत चाललेली ही कला राजेसाहेब शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवींनी पुन्हा उभी केली. घ्यायची असेल तर पैसे बाजूला काढून ठेवा. गोल पत्त्यांचा हाती रंगवलेला संच स्वस्त नसतो, आणि घासाघीस करू नये. फोटो काढायचे का, हे दारातच विचारा.

मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा या खेपेत कोंबू नका. तो खाजगी आहे, बाहेरूनच बघावा लागतो, आणि आपल्याला तिकडे पुण्यावरून जाणं सोयीचं.

वाटेत एखादा राहता वाडा दिसला, तर सरळ आत शिरू नका. अंगणातून हाक मारा, "घरात कोण आहे का?" ओ आली की वहाणा काढून ओटीपर्यंतच जा. पुढे नेलं तर नशीब, पण देवघराचा फोटो नको. परतताना आंबोली घाट लागेल. तिथे धुकं उतरतं, तेव्हा सावंतवाडी सकाळीच सोडा.