ऑटोकॅडमध्ये मराठी फॉन्ट वापरताना मला काय काय कळलं

आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल कोर्स करून नोकरीला लागलो, काम ऑटोकॅडवर (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर), तेव्हा फॉन्ट म्हणजे यादीतून निवडायचा आणि टाइप करायचं एवढंच माहीत होतं. पहिल्याच महिन्यात एका ग्रामपंचायतीच्या इमारतीचं ड्रॉइंग आलं, खोल्यांची नावं, दिशा, टायटल ब्लॉक (ड्रॉइंगवरची नाव-माहितीची चौकट) सगळं मराठीत पाहिजे होतं, मी कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलं आणि डीडब्ल्यूजी फाइल (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) मेल करून टाकली. तासाभरात फोन, "अहो, दक्षिणच्या जागी एन, एफ, महिरपी कंस, के, टिंब, के असं दिसतंय, हे काय आहे?"

तर मुद्दा असा की डीडब्ल्यूजीत फॉन्ट जात नाही, फक्त त्याचं नाव जातं. समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर ऑटोकॅड दुसरा लावून मोकळं होतं. आणि कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच कोडवर बसवलेली असतात, म्हणून फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये (मंगल, निर्मला यूआय वगैरे) देवनागरीला स्वतःचे कोड आहेत, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो. नवीन काम युनिकोडमध्येच सुरू करा, हे मी अगदी हात जोडून सांगतो.

जुनी ड्रॉइंग मात्र बदलावीच लागतात. कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोड करून घ्यायचा, एमटेक्स्टमध्ये (ऑटोकॅडची अनेक ओळींचा मजकूर लिहायची कमांड) पेस्ट करायचा, आणि मग एकेक शब्द डोळ्यांनी वाचायचा. कारण कृतिदेवमध्ये र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये क्रम बरोबर उलटा, आणि घोळ तिथेच होतो. मी "दक्षिण, मार्ग, क्षेत्रफळ, द्वार" हे चार शब्द आधी टाकून बघतो, ते नीट दिसले तर पुढे जातो.

फॉन्ट इन्स्टॉल करताना राइट क्लिक करून सगळ्या युजर्ससाठी इन्स्टॉल करा, नुसत्या स्वतःच्या युजरवर टाकलेला फॉन्ट कधी कधी यादीत येतच नाही. ऑटोकॅड बंद करून परत उघडा. स्टाइल कमांडमध्ये (इथे मजकुराचा फॉन्ट ठरतो) अक्षराची उंची 0 ठेवा, म्हणजे दर वेळी वेगळी देता येते.

आता टीटीएफ (विंडोजमधले नेहमीचे फॉन्ट) आणि एसएचएक्स (ऑटोकॅडचे स्वतःचे फॉन्ट). एसएचएक्स फॉन्ट म्हणजे नुसत्या रेषा, रोमन्स, सिम्प्लेक्स हे त्यातलेच, हलके असतात. बरेच जण विचारतात की मराठी टीटीएफचं एसएचएक्स करता येईल का. कंपाइल कमांड एसएचपी फाइल घेते, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या रेषा 16 दिशांच्या कोडमध्ये हाताने लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल, टीटीएफ ती थेट घेत नाही. शिवाय एसएचएक्समध्ये एका कोडला एक आकृती, जोडाक्षरं आपोआप जुळत नाहीत. मी यात दोन आठवडे घातले, तुम्ही घालू नका. कंपनीचा लोगो किंवा चारपाच चिन्हं करायची असतील तर मात्र एसएचपी शिकण्यासारखं आहे, मला त्यात फार मजा आली.

फाइल बाहेर पाठवताना ई-ट्रान्समिट (ड्रॉइंग आणि तिला लागणाऱ्या फाइली एकत्र बांधून देणारी कमांड) वापरा आणि त्यात फॉन्टच्या पर्यायावर टिक करा, फॉन्टचं लायसन्स वाटायला परवानगी देतं ना हेही बघा. नुसतं बघायलाच द्यायचं असेल तर पीडीएफ बरी. तिसरा मार्ग म्हणजे एक्सप्रेस टूल्समधली (ऑटोकॅडमधली जादा कमांडची यादी) टेक्स्ट एक्स्प्लोड, तिने अक्षरांच्या रेषा होतात, मग फॉन्टची गरजच नाही, पण स्पेलिंग सुधारता येत नाही, म्हणून आधी सेव्ह अॅजने कॉपी ठेवा. सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणारं कोरीवकामाचं मशीन) नावाची पाटी कोरायची असेल तर ही रेषांचीच फाइल लागते, आणि टीटीएफच्या रेषा अक्षराच्या कडेच्या असतात, म्हणजे एका काडीला दोन रेषा. मशीनचं टूल काडीच्या मधोमध एकदाच फिरायला हवं असेल तर मधली रेषा आपल्याला पॉलीलाइनने काढावी लागते, मी "ग्रामपंचायत कार्यालय" ही पाटी अशीच काढली, एक अख्खी दुपार गेली.