हर्नियाच्या ऑपरेशननंतर परत जिम, माझा अनुभव

दुर्बिणीतून हर्नियाचं ऑपरेशन झालं, आत कमजोर जागेला आधार म्हणून जाळी बसवली, तिसऱ्या आठवड्यात दुखायचं थांबलं म्हणून मी घरी 20 लिटरचा पाण्याचा जार उचलला आणि जांघेत अशी कळ आली की घामच फुटला. डॉक्टरांनी तपासलं, नशिबाने जाळी जागेवर होती, पण चांगलंच सुनावलं, वरचे टाके भरले म्हणजे आतलं भरलं असं नसतं.

मग सहा आठवडे फक्त चालणं, रोज सकाळी उपवन तलावाला. डॉक्टर हो म्हणाले तेव्हाच जिम, तेही पहिले 15 दिवस रिकामा रॉड.

खरा फरक श्वासाने पडला. आधी मी उचलताना दम कोंडायचो, त्याने पोटातला दाब वाढतो आणि सगळा जोर त्याच कमजोर जागेवर येतो, आता उचलताना श्वास सोडतो, खाली आणताना घेतो. आणि पोट साफ ठेवा प्लीज, संडासला जोर लावला तरी तोच दाब येतो, मी रात्री इसबगोल घ्यायचो. वजन आठवड्याला अडीच किलोच वाढवलं, दुसऱ्या दिवशी ओढ जाणवली की परत मागच्या वजनावर. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजनाचा रॉड उचलणं, सगळ्यात शेवटी.

आता पाचवा महिना, 50 किलोचे स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठका) होतात, फुगवटा नाही.