बागेतल्या ब्राँझच्या पुतळ्याची निगा कशी राखावी

बागेतल्या पुतळ्याकडे वर्षातून एकदा, जयंतीच्या आदल्या दिवशी सर्वांचे लक्ष जाते, आणि त्याला सर्वांत जास्त इजाही बहुधा त्याच दिवशी होते. आमच्या घराजवळच्या बागेतला एक अर्धपुतळा काही उत्साही मंडळींनी चिंच आणि मीठ लावून देवघरातल्या समईसारखा लख्ख घासला. दुसऱ्या दिवशी तो सोन्यासारखा झळकत होता. पावसाळा सरेपर्यंत मात्र त्याच्या मानेखाली आणि कोटाच्या चुण्यांमध्ये फिकट हिरव्या पुडीचे ठिपके उठले होते.

असे का झाले हे समजून घेतले, तर निगा राखण्याची निम्मी रीत आपोआप कळते. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबे, त्यात कथील आणि कित्येकदा थोडे जस्त व शिसेही मिसळलेले असते. आपल्याकडच्या ओतशाळांमध्ये तांबे ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी ५ टक्के असे मिश्रण पुष्कळ वापरले जाते. पुतळा ओतून झाल्यावर त्याला उष्णता व रसायने देऊन जो तपकिरी, काळसर किंवा हिरवट रंग आणला जातो, त्याला पॅटिना म्हणतात. हा मळ नव्हे, पुतळ्याची ती कातडी आहे. शिल्पकाराने निवडलेला रंग तोच असतो आणि आतल्या धातूला हवेपासून काही अंशी जपणारा थरही तोच. चिंचेतल्या आम्लाने ही कातडी सोलून निघते, आणि मिठातले क्लोराइड धातूच्या बारीक छिद्रांत जाऊन बसते. पुढे दमट हवा मिळाली की ते तांब्याला खाऊ लागते, त्या क्रियेत आम्ल तयार होते, ते आम्ल आणखी तांबे खाते, आणि हे चक्र चालूच राहते. जाणकार याला ब्राँझचा रोग म्हणतात. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या बागांमध्ये खारी हवाच क्लोराइड आणून टाकते. तिथे आपण आणखी मीठ चोळण्याचे काहीच कारण नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी पुतळा खरोखर ब्राँझचा आहे का, हे पाहावे. अलीकडचे कितीतरी पुतळे फायबरचे असतात आणि वरून त्यांना ब्राँझचा रंग दिलेला असतो. बोटाच्या पेराने हलकेच वाजवल्यास पोकळ ब्राँझ भांड्यासारखे घुमते, फायबर मात्र बद्द वाजते. लोहचुंबक ब्राँझला चिकटत नाही. तो एखाद्या ठिकाणी ओढला गेला, तर आत लोखंड आहे असे समजावे.

यानंतरची पायरी परवानगीची, आणि ती टाळू नये. सार्वजनिक बागेतला पुतळा नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या ताब्यात असतो. उद्यान विभागाला लेखी कळवून, होकार मिळाल्यावर आणि शक्य तर विभागाच्या माणसासमोरच काम करावे. आपल्याकडे पुतळा हा भावनेचा विषय आहे, त्यामुळे शिडी लावून कोणी पुतळ्यावर काही करत आहे एवढ्यानेही गैरसमज होऊ शकतो. पोलीस ठाण्याला आधी सांगून ठेवणे शहाणपणाचे. सुरुवात करण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. पुढच्या वर्षी तुलना करायला तीच उपयोगी पडतात.

धुण्यासाठी सकाळची वेळ निवडावी. आधी मऊ, कोरड्या ब्रशने धूळ, कोळिष्टके आणि सुकलेल्या फुलांचा चुरा झाडून घ्यावा. कबुतरांच्या विष्ठेत आम्ल असते आणि ती पॅटिनावर कायमचे पांढुरके ओघळ पाडते. पण ती खरवडू नये. ओले सुती फडके तिच्यावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, म्हणजे ती भिजून सहज निघते. नंतर बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य, आम्ल किंवा क्षार नसलेला द्रव साबण घालून मऊ ब्रशने वरून खाली धुवावे, आणि खाचांसाठी बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून घ्यावा. तारेची घासणी, काथ्या, राख, रांगोळी, पितांबरी, लिंबू, ब्लीचिंग पावडर आणि गाड्या धुण्याचा जोराचा फवारा यांपैकी काहीही जवळ आणू नये. बोअरचे पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा द्यावा. बॅटरीत घालायला जे मिळते तेच. साबणाचा अंशही राहू न देता सुती फडक्याने टिपून पुतळा उन्हात पूर्ण वाळू द्यावा.

खरे संरक्षण मेणाचे. संग्रहालयांमध्ये मायक्रोक्रिस्टलाइन नावाचे, खनिज तेलापासून काढलेले मेण वापरतात. ते रंगहीन असते आणि त्यात आम्ल नसते. नुसत्या मधमाशीच्या मेणात थोडे आम्ल असते, आणि मोटारीच्या पॉलिशमध्ये घासणारी पूड असू शकते, म्हणून दोन्ही नकोत. धातू हाताला कोमट लागेल इतपत तापला की मऊ ब्रशने मेणाचा अगदी पातळ हात फिरवावा, पंधरा-वीस मिनिटांनी सुती कापडाने चोळून जिरवावा, आणि मग दुसरा हात द्यावा. जाड थर दिला तर त्यात धूळ अडकून पुतळा मळकट दिसतो. मे महिन्यात पावसाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा, असे वर्षातून दोनदा केले तर पुरते. लाखेचा किंवा वार्निशचा थर हे तज्ज्ञांचे काम आहे, कारण तो कुठे फुटला की पाणी त्याखाली शिरते आणि गंज लपून वाढतो. सोनेरी ऑइलपेंट तर पुतळ्याच्या चेहऱ्यावरची रेषा न् रेषा बुजवतो. त्याच्याविषयी माझे मत सौम्य शब्दांत सांगता येणार नाही.

फिकट हिरवी पूड दिसली तर साबण आणि मेण दोन्ही थांबवावे. घट्ट बसलेला, एकसारखा हिरवा थर घाबरण्यासारखा नसतो. बोटाला लागणारी, पुसल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा उगवणारी पूड मात्र रोगाची खूण असते. तिचे छायाचित्र काढून धातू-संवर्धकाला दाखवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असे संवर्धन केंद्र आहे, तिथून दिशा मिळू शकेल.

पायथ्याकडेही वाकून पाहावे. पोकळ पुतळ्यात साचलेले पाणी निघून जावे म्हणून खाली छोटी भोके ठेवलेली असतात. ती पाने किंवा सिमेंटने बुजली असतील तर मोकळी करावीत. सांध्यांतून किंवा नटबोल्टांतून तांबूस-नारिंगी ओघळ येत असेल, तर तो तांब्याचा नसून आतल्या लोखंडाचा आहे. तांबे आणि लोखंड पाण्यात एकमेकांना लागून असले की लोखंड लवकर झिजते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, त्याच्या काही दिवस आधी नटबोल्ट गंजत असल्याचे पत्र बांधकाम खात्याने लिहिले होते. असा ओघळ दिसताच त्याच दिवशी लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

हार घालण्यास कोणाची हरकत नाही, पण तो दोऱ्यात ओवलेला असावा, तारेत नसावा, आणि संध्याकाळपर्यंत उतरवावा; कुजणारी ओली फुले धातूला कित्येक दिवस भिजत ठेवतात. दुधाचा अभिषेक झालाच, तर लगेच साध्या पाण्याने धुवावे. मुलांच्या हातांची मात्र फार चिंता करू नये. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टो या कुत्र्याचा १९२५ सालचा ब्राँझचा पुतळा आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुले त्याच्या पाठीवर बसत आल्याने पाठ आणि कान सोनेरी उजळले आहेत. अशा जागी मेण लवकर उडते, एवढेच लक्षात ठेवून तिथे अधूनमधून एक जादा हात द्यावा.

मेण टिकले आहे की नाही हे ओळखायला खांद्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. थेंब अळवाच्या पानावरल्यासारखे गोल राहिले तर मेण शाबूत आहे. पसरून धातू भिजला, तर पुन्हा बादली भरायची वेळ झाली आहे.