चेंबरमध्ये अडकलेलं रिकामं काडतूस

दुनळी छऱ्याच्या बंदुकीत काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला ते बसतं त्या जागेत, अडकलं तर आधी टोपीकडे बघा, म्हणजे बुडाच्या मधोमध पिनेचा घाव बसतो त्या चकतीकडे. तिच्यावर पिनेचा ठसा आहे, पण बार झालाच नाही, तर ते काडतूस जिवंत समजा. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबा. तेही अडकलं असेल तर गज घालू नका, कारागिराकडेच न्या.

बार झालेला असेल, तर दुसरी नळी रिकामी करा आणि तोंडाकडून लाकडी गज घालून हलके टोले द्या. चाकूने कड उचकटायचा मोह आवरा. एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाची, खाच खराब होते, ती महागात पडते. काडतूस निघालं की नळीतून आरपार बघा, आत वॅड, म्हणजे दारू आणि छऱ्यांच्या मधला बोळा, राहिलेला नको.

कारण बहुतेक वेळा चेंबरमधली घाण असते. प्लॅस्टिकचा पातळ थर नुसत्या चिंधीने निघत नाही. सॉल्व्हंट लावून पंधरा मिनिटं ठेवा, मग जाड चेंबर-ब्रश गोल फिरवा. राखाडी पापुद्रे सुटायला लागतात. शेवटी कोरडं पुसा.

तरीही अडकतंय? काडतुसाचा ब्रँड बदलून बघा. स्वस्त काडतुसांचं बूड पोलादी असतं, ते पितळेइतकं परत आकसत नाही. लांबीही तपासा: ७० मिमीच्या चेंबरमध्ये ७६ मिमीचं काडतूस बसतं, पण उडवायचं अजिबात नाही, दाब धोकादायक वाढतो. गंजाचे खड्डे दिसले तर पॉलिश कारागिरालाच करू द्या.