माणूस घेताना हात बघायचा की वागणूक?

मार्च तोंडावर आला की एसीच्या धंद्यात सगळ्यांची एकच पळापळ, माणूस पाहिजे माणूस पाहिजे. घाईत घेतलेला माणूस मे महिन्यात लय महाग पडतो, म्हणून पहिलं काम हे की जानेवारीतच शोधायला लागा. माझं परळला सर्व्हिसिंगचं छोटं दुकान आहे, बरीच पोरं आली गेली, त्यातून जे कळलं ते सांगतो.

कुणाला बोलवायच्या आधी एक कागद घ्या. आपण महिन्या-दोन महिन्यांत शिकवू शकतो ते एका बाजूला लिहा, कॉइल धुणं, ब्रॅकेट मारणं, फ्लेअर काढणं (जोडासाठी तांब्याच्या पाइपाचं तोंड पसरवणं) वगैरे. दुसऱ्या बाजूला जे चुकलं तर जीव जातो ते. प्रेशर टेस्टिंगला, म्हणजे पाइपात दाब भरून लीक बघायला, नायट्रोजनच लावायचा, कुणी ऑक्सिजन सोडला तर आतल्या तेलामुळे स्फोट होऊ शकतो. आर-३२ हा एसीत भरायचा गॅस पेट घेतो, तो पाइपात असताना जोडकामाच्या टॉर्चची ज्योत लावायची नाही. १४व्या मजल्यावर बाहेर लावलेल्या आउटडोअर युनिटला हात घालायचा तर आधी बेल्ट. ही दुसरी बाजू ज्याला येत नाही तो कितीही गुणी असूदे, एकट्याला साइटवर पाठवू नका, हेल्पर म्हणून घ्या आणि सिनियरच्या हाताखाली ठेवा.

आता वागणूक. गोड बोलतो, आपल्या गावचा आहे, बघताक्षणी आवडला, याला मी ॲटिट्यूड म्हणत नाही. लाजरं पोरगं इंटरव्ह्यूत गप्प बसतं आणि कामावर सोनं निघतं. म्हणून एक दिवसाची ट्रायल ठेवा, आणि त्या दिवसाचे पैसे द्या, फुकट राबवू नका.

माझ्याकडे दोघं आले होते ट्रायलला. एकाला ८ वर्षांचा अनुभव, ब्रेझिंग, म्हणजे पाइपाचे जोड वितळवून मारणं, इतकं सुंदर की बघत राहावं, पण पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप गाडीतून काढलाच नाही, थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलली आणि म्हणाला, सगळे असंच करतात शेठ. दुसरा नुकताच आयटीआयचा एसीचा २ वर्षांचा ट्रेड करून आलेला, हात स्लो, पण पंप लावला, बंद केल्यावर गेजसमोर बसून राहिला, काटा जरासा हलला तर माझ्याकडे बघून म्हणाला, काका, माझाच फ्लेअर लीक असेल, परत काढतो. आणि पाइप कापून परत काढला.

मी दुसऱ्याला घेतलं. पंप न लावल्याने पाइपात ओल राहिली तर तेल खराब होतं आणि पुढे कधीतरी कॉम्प्रेसर जातो, पण त्या दिवशी एसी मस्त गार करतो, गिऱ्हाइकाला काही कळत नाही. जी पायरी कुणी तपासणार नाही ती माणूस करतो का, मी तेच बघतो. पण हे ओळखायला तुम्हाला स्वतःला काम यायला हवं, नसेल येत तर ट्रायलला जाणता माणूस उभा करा.

इंटरव्ह्यूत सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारा, नाहीतर तुलनाच होत नाही. माझा एक ठरलेला, तुझ्या हातून शेवटचं काय बिघडलं आणि मग तू काय केलंस? काहीच बिघडलं नाही म्हणणारा मला नको. आधीच्या मालकाला फोन लावून एवढंच विचारा, परत घ्याल का त्याला? उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून घ्या.

बेंचवर पीसीबी, म्हणजे एसीचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, रिपेअर करणारा घ्यायचा असेल तर गणित उलटं. तो दिवसभर बोर्डात डोकं घालून बसतो, तुसडा असला तरी चालतो, तिथे मी हातच बघतो. फक्त खोटं बोलणारा तिथेही नको.

आणि कच्चं पोरगं घेतलं म्हणून पगार दाबू नका. ३ महिन्यांनी किती वाढवणार ते तारखेसकट पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा, नाहीतर तुम्ही शिकवायचं आणि पुढच्या सीझनला ते शेजारच्या दुकानात.