सेकंड ओपिनियनला जाताना नुसती फाईल नेऊ नका

रिपोर्टमध्ये कॅन्सर आला की घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते उद्याच ऑपरेशन उरकून टाका, दुसरी म्हणते अजून चार डॉक्टरांना दाखवू. म्हणून आधी आहे त्याच डॉक्टरांना सरळ विचारा, "ट्रीटमेंट सुरू करायला किती दिवस थांबलं तर चालेल?" बऱ्याच गाठींच्या कॅन्सरमध्ये आठवडा-दोन आठवड्यांनी फारसं बिघडत नाही. पण अ‍ॅक्यूट ल्युकेमिया (झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर) असेल, किंवा मणक्यात गाठ दाबून पायातली ताकद जात असेल, तर आधी अ‍ॅडमिट व्हा, सेकंड ओपिनियन, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचं मत, उपचार चालू असतानाही घेता येतं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे लपूनछपून जायची गरज नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांना याची सवय असते, आणि कोणी फारच चिडलं तर मग नक्कीच जा!

आता मेन गोष्ट. बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात तो ब्लॉक, आणि त्याचे पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात त्या स्लाइड्स. कॅन्सर आहे का, कुठला, कुठल्या ग्रेडचा (पेशी किती आक्रमक दिसतात), हे पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे लॅबमधले तपासणारे डॉक्टर, त्या काचा बघून ठरवतात. तुम्ही नुसता रिपोर्ट नेलात तर नवीन डॉक्टर आधीच्यांनी लिहिलेलंच वाचणार ना, मग त्यात चूक असली तर तीच पुढे सरकणार. लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर), सार्कोमा (हाडं, स्नायू, चरबी यांचा कॅन्सर), ब्रेन ट्यूमर असेल तर स्लाइड रिव्ह्यूसाठी, म्हणजे त्याच काचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने पुन्हा बघण्यासाठी, हट्टच धरा, कारण हे प्रकार ओळखायला अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही अवघड जातात.

लॅबमध्ये अर्ज देऊन, सही करून ब्लॉक आणि स्लाइड्स घ्या. ब्लॉक म्हणजे छोटीशी प्लास्टिकची कॅसेट, तिच्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी तिथेच जुळवून बघा. काचा फुटणार नाहीत अशा डबीत ठेवा आणि उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात सोडू नका, मेण आहे ते, मऊ पडतं. सीटी, एमआरआय, पेट स्कॅनची सीडीसुद्धा मागून घ्या आणि निघायच्या आधी एकदा लावून बघा.

डॉक्टर शक्यतो वेगळ्या हॉस्पिटलमधले, तोच कॅन्सर रोज बघणारे. आधी सर्जनना भेटला असाल तर आता केमो किंवा रेडिएशनवाल्यांना पण भेटा, कारण प्रोस्टेटसारख्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही पर्याय असतात, आणि ब्रेस्टमध्ये कधीकधी आधी केमो देऊन गाठ लहान करून मग ऑपरेशन करतात.

आत गेल्यावर "ते डॉक्टर असं म्हणाले" ने सुरुवात करू नका. आधी त्यांना रिपोर्ट बघू द्या, बोलू द्या, मग आधीचा प्लॅन सांगा. सोबत लिहून घेणारं कोणीतरी न्या, पेशंटच्या डोक्यात अर्धंच शिरतं. हे विचारा: स्टेज (कॅन्सर किती पसरलाय) कुठली आणि कशावरून, उद्देश बरं करण्याचा आहे की आटोक्यात ठेवण्याचा, अजून एखादी टेस्ट राहिलीय का.

दोघांचं जुळलं तर वेळ न घालवता सुरू करा. नाही जुळलं तर फरक नेमका कुठे आहे ते शोधा. निदानातच फरक असेल तर तिसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे स्लाइड्स गेल्याच पाहिजेत. फरक फक्त आधी केमो की आधी ऑपरेशन एवढाच असेल तर कदाचित दोन्ही रस्ते चालण्यासारखे असतील, दुसऱ्यांचं लेखी मत पहिल्यांना दाखवून कारण विचारा.

ब्लॉक मात्र आठवणीने परत घ्या, पुढे जीन टेस्ट करायची वेळ आली तर त्यातलाच तुकडा लागू शकतो.